तिसरा पुकारा

थॉर्नली, संत मायकेलच्या सणानंतरचा मंगळवार

चि. हॅमोस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबा गेले. मळणीवरून आले, बाकावर बसले, ते उठलेच नाहीत. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. शेजारणी म्हणतात, हिचं काळीज दगडाचं. असेल बाई. पत्र पाद्रीबाबा लिहून देताहेत, तू तिकडे शहरातल्या तुझ्या मालकाकडून वाचून घे.

कूळ मेलं की घ्यायचा रिवाज, त्याप्रमाणे गावच्या धन्याची माणसं गोठ्यातला सगळ्यात चांगला बैल घेऊन गेली. काल धन्याची कचेरी भरली. आपल्याकडे जमीन धाकट्या मुलाची, म्हणून कारभाऱ्याने तुझं नाव पुकारलं. असं तीन कचेऱ्यांत पुकारतील. तिसऱ्यालाही तू आला नाहीस तर घर, जमीन सगळं धन्याच्या घशात. मुलगा जिवंत असताना मुलीला हक्क नाही, त्यामुळे मला चूल कुठे मांडायची तेही ठाऊक नाही.

आणि आलास तर तू पुन्हा धन्याचा बांधील माणूस. पळून गेलेल्याला शहरात वर्ष आणि एक दिवस काढल्याशिवाय सुटका नाही, आणि तुझे अजून कितीतरी महिने बाकी आहेत. ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणवत नाही. थोरली असून मला काही सुचत नाही, यावर तू हसशील. हस.

जिवाला जप.
तुझी ताई,
इडोनिया


हेल्मबरी, सर्व संतांच्या सणानंतर

ति. ताईस,
हॅमोचा कृ. सा. न. वि. वि.

सर्लोमालकांनी तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. मला काहीच वाटलं नाही. मी हातमोज्यांचं कातडं कापत राहिलो, सरळ कापलं. मालकीणबाई रडल्या, मी नाही. आपलं घराणंच तसलं दिसतंय.

मालकांची जागा पुढून गाडीभर रुंद, पण मागे ओढ्यापर्यंत लांबलचक. ईस्टरनंतर मोकळा झालास की मागचा तुकडा तुझ्या नावे करू, म्हणाले होते. तिथे दोन खोल्या बांधून इथल्या सबिनाला लग्नाचं विचारायचं माझ्या मनात होतं. आता नाही विचारणार. तुला रस्त्यावर काढून मला घर नको. तिसऱ्या पुकाऱ्याला मी येतोय. वाद घालू नकोस, तुझं कधी ऐकलंय मी?

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
हॅमो


थॉर्नली, नाताळच्या आधीचा शुक्रवार

चि. हॅमोस,
आशीर्वाद.

तू येतोयस हे पत्र माझ्या हाती पडलं तू येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. वाहतूकदाराचा घोडा लंगडला म्हणे.

दुसऱ्या कचेरीत मी पवित्र ग्रंथावर हात ठेवून सांगितलं, माझा भाऊ तापाने मेला. मुलगा नाही म्हटल्यावर जमीन मुलीची. बारा पंच खाली मान घालून बसले होते, सगळ्यांना खरं काय ते ठाऊक. तुझे धर्मपिता वॉकेलिन उठून म्हणाले, होय, आम्हीही तसंच ऐकलंय. मग चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना झाली. मी गावजेवणाला बिअर गाळली. चांगली झाली होती.

तिसऱ्या कचेरीत कारभाऱ्याने जमीन दिल्याची काठी माझ्या हातात ठेवली, आणि तू दारातून आत आलास. दाढी वाढवलीयस, शोभत नाही. कारभारी नवा, त्याने तुला पाहिलेलं नव्हतं. त्याने विचारलं, हा कोण? तू तोंड उघडलंस. नाव निघालं असतं तर माझी शपथ खोटी, जमीन गेली, आणि तू दोरीला बांधला गेला असतास.

मी म्हटलं, "मी या माणसाला ओळखत नाही."

वॉकेलिन तेच म्हणाले, मग एकेक करून बाराही जण. ज्यांनी तुला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली तेसुद्धा. तू मेंढीची कातडी घ्यायला आलोय म्हणालास. इथे मिळत नाहीत, असं कारभाऱ्याने सांगितलं. तू गेलास. मी मागे वळूनही पाहिलं नाही, मला पाहता येत नव्हतं. काठी घट्ट धरून उभी होते.

आता जमीन माझी, आणि ईस्टरनंतर तू मोकळा. सबिनाला विचार. मला मात्र लिहू नकोस, मेलेल्या माणसाची पत्रं येत नसतात.

इडोनिया


हेल्मबरी, ईस्टरनंतरचा गुरुवार

पाद्रीबाबांस,
एका अनोळखी हातमोजेवाल्याचा नमस्कार.

आपल्या गावात इडोनिया नावाची बाई आहे. तिला पत्र पाठवायची मला मनाई आहे, म्हणून आपल्याला लिहितो.

काल मला शहराचा मोकळा माणूस करून घेतलं. जागेचा मागचा तुकडा नावावर झाला. सबिना हो म्हणाली, पण मला आनंद झाला का ते नीट कळत नाही. नाव लिहून घेताना कारकुनाने विचारलं, कुठल्या धन्याच्या गावात तुझं रक्ताचं कोणी आहे का? हो म्हटलं असतं तर तिकडे विचारणा गेली असती आणि तिची शपथ उघडी पडली असती. मी ग्रंथावर हात ठेवला आणि सांगितलं, मला बहीण नाही.

आमची दोघांची फिट्टंफाट झाली, एवढं तिला सांगा.