करंजाची पांढरी पानं

९ एप्रिल २०२५, बुधवार
पुतण्याचा साखरपुडा पार पडला एकदाचा. लगीनसराईत तिसगावात मांडवाचं कापड मिळेना, म्हणून सोमवारी आमच्या महिला गटाच्या रोपवाटिकेवरची हिरवी जाळीच उतरवून नेली. घरचं कार्य – नाही कसं म्हणणार! बायकांना दोन दिवस सुट्टी दिली. पाण्याचं तेवढं गटातल्या बनुबाईंना सांगितलं, त्या रोपवाटिकेशेजारीच राहतात. आज अंधार पडल्यावर जाळी पुन्हा बांधली.

१० एप्रिल
करंजाची रोपं गेली! आठांपैकी सहा वाफ्यांची पानं पांढरी पडलीत, कडा करपल्यात. दोन वाफे मात्र हिरवेगार. पावसाळ्यात डोंगरावर लावायची रोपं ही. डोकंच फिरलं. सगळ्या बायकांसमोर बनुबाईंना नको नको ते बोलले – दोन वाफ्यांना पाणी घातलं आणि बाकीचे वाऱ्यावर सोडले?
"समद्यास्नी घातलं, ताई," एवढंच म्हणाल्या. खुरपं ठेवलं आणि घरी गेल्या.

११ एप्रिल
बनुबाई आल्या नाहीत. नाही तर नाही!

१३ एप्रिल
आजही नाहीत. बिया भिजत घालण्यापासून ही रोपं त्यांनीच वाढवलेली. त्यांच्याशिवाय वाफ्यांकडे बघवत नाही.

भाची दिशा राहुरीला शेतकी शिकते. तिला पानांचे फोटो पाठवले. तिचा पहिलाच प्रश्न – "मावशी, जाळी कधी काढलीस?" पाण्याचं नावच नाही. म्हणाली, सावलीतलं पान पातळ, पसरट असतं, थोडक्या उजेडावर भागवणारं. त्याच्यावर एकदम रणरणतं ऊन आलं की तेवढा उजेड त्याला वापरताच येत नाही. पानाचं अन्न करायचं काम बिघडतं, हिरवा रंग उडतो. "ते पान आता सुधारायचं नाही. शेंडा जिवंत असेल तर नवं पान उन्हाच्या बेतानं येईल. जाळी सकाळी तासभरच उघड, मग हळूहळू वाढव."

म्हणजे चूक माझी! कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं. पण मग ते दोन वाफे हिरवे कसे?

१४ एप्रिल
बनुबाईंच्या दारापर्यंत गेले आणि तशीच मागे फिरले. चाळिशी उलटली तरी 'चुकलं' म्हणायला जीभ वळत नाही माझी.

२७ एप्रिल
जाळी आता साडेनऊपर्यंत उघडी ठेवते. जुनी पानं गळताहेत. शेंड्यांना नवी आलीत – लहान, जाड, चकचकीत. ही उन्हाला दबत नाहीत. निम्म्याहून जास्त रोपं जगतील. आनंद झाला, पण सांगू कुणाला? ज्यांना सांगायचं त्यांनाच मी घालवलं. उद्या जायचंच.

२८ एप्रिल
सगळ्या बायकांना घेऊन बनुबाईंकडे गेले. बोलले होते सगळ्यांसमोर, माफीही सगळ्यांसमोरच मागितली. त्यांनी चहा टाकला. मग विचारलं – ते दोन वाफे कसे वाचले?

"अंगावरचं सोडून घरात दोनच लुगडी हुती. ती पसरली त्यांच्यावर."