दीड फुटावरची खिडकी

प्रिय तुळशीराम,

काऊन बे, चहा न घेताच निघून गेलास? बुलढाण्यात येतोस, नातीला घेऊन वामनराव वकिलांचा बंगला पाहायला लोकांच्या घोळक्यात उभा राहतोस आणि या हिंमतला साधा फोनही करत नाहीस! घोळक्यात मागे तुझी टोपी दिसली तेव्हा काय हरखलो होतो मी! सगळ्यांना वाटेला लावून बाहेर धावत आलो, तर तू देऊळगाव राजाच्या बसमध्ये बसून गेलेला. दोन महिने झाले, मला चैन नाही.

मास्तरकी संपल्यापासून दर रविवारी मी तो बंगला दाखवतो, हे तुला ठाऊकच आहे. साठ वर्षांपूर्वी वकिलांनी मुंबईहून आर्किटेक्ट आणून बांधलेलं घर म्हणून पुण्यामुंबईची पोरं वह्या घेऊन येतात. जिना पाहतात, गच्ची पाहतात, पण रेंगाळतात ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. तिथे मी सगळ्यांना फरशीवर मांडी घालून बसवतो. बसलं की चिंच दिसते, फाटकापर्यंतची वाट दिसते. मग मी म्हणतो, खाली बसून धान्य निवडणाऱ्या बाईचा विचार आर्किटेक्ट साहेबांनी केला बघा! लोक टाळ्या वाजवतात. त्या दिवशी तुझ्या प्रेरणानेही वाजवल्या. तू मात्र बसला नाहीस.

नववीत शाळेच्या ओट्यावर बसून तूच मला सांगितलं होतंस. नकाशात ती खिडकी तीन फुटांवर होती, खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी. तुझे वडील, कचरूकाका, बांधकामावर मिस्त्री. वकिलांच्या घरच्या सुभद्राबाई जुन्या घरात दिवसभर भिंतीकडे तोंड करून निवडत बसायच्या, ते काकांनी पाहिलेलं. कोणाला न विचारता त्यांनी चौकट दीड फुटावर बसवली. साहेब आले ते भडकलेच. तोडा म्हणाले. काका म्हणाले, "तोडतो ना साहेब, पन एक डाव खाली बसून त पाहा." साहेब बुटासकट बसले. बराच वेळ बसले म्हणे. मग उठून त्यांनी पेन्सिलीने नकाशाच बदलला.

हे सगळं ठाऊक असून मी दर रविवारी साहेबांचंच नाव घेत आलो. शिकल्यासवरल्या पाहुण्यांपुढे मिस्त्रीची गोष्ट हलकी वाटेल, अशी भीती होती. आणि खरं सांगू? टाळ्या आवडायच्या रे. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि तुझ्या नातीदेखत तिच्या पणजोबांचं काम मी दुसऱ्याच्या नावावर केलं. फार लाज वाटते.

गेल्या रविवारी मी पहिल्यांदा कचरूकाकांचं नाव घेतलं. एका मुलीने विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? म्हटलं, त्यांच्या मुलाने, माझ्या दोस्ताने. आणि दोन महिन्यांपूर्वी तो इथेच समोर उभा असताना मी खोटं बोललो, हेही सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती मुलगी म्हणाली, आम्हाला त्यांच्याकडूनच ऐकायचंय. म्हणून हे पत्र. फोनवर मला तोंड उघडता आलं नसतं. येत्या रविवारी सकाळच्या बसने ये, प्रेरणाला घेऊन ये. खिडकीपाशी तू उभा राहा आणि तूच सांग. मी तिच्या शेजारी खाली बसून ऐकेन. गुडघे गेलेत माझे, उठताना हात तेवढा दे.

तुझाच,
हिंमत