गुण हाय का त्यात?

माळेगाव बुद्रुक,
११ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप भागूआत्यास,
नंदीचा साष्टांग नमस्कार.

इकडं सगळे बरे आहेत. आईचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, तसा कुरकुरतोय. यशराज कारखान्यात आबांच्या जागी लागला. माझं एम.एस्सी. झालं, आता बारामतीच्या कॉलेजात शिकवते. मुलं मला घाबरतात म्हणे. तू हसशील.

शनिवारी तुझी राखी पोस्टानं आली. पाकिटावर तुझ्या सुनेच्या, स्वप्नालीवहिनीच्या अक्षरात आबांचंच नाव. आबांना जाऊन नऊ महिने झाले आत्या, आणि तू नाव बदललं नाहीस. पोस्टमननं ते नाव पुकारलं तशी आईनं पाकीट घेऊन आबांच्या फोटोपुढं ठेवलं.

मागच्या पावसाळ्यापर्यंत इंदापूरच्या एसटीतून तुझ्या बांधावरची भुईआवळी यायची, ओल्या फडक्यात बांधून, कंडक्टरजवळ. आबा बारामतीच्या स्टँडवर थांबून घ्यायचे आणि यकृतासाठी पाला वाटून रस प्यायचे. दवाखान्याची रोजची गोळी वेगळी. त्यांच्या यकृतातला विषाणू त्या गोळीनंच दबून होता. दर जुडीबरोबर तुझा निरोप असायचाच, “दादा, गोळी सोडू नगंस.”

त्याच भुईआवळीवर मागच्या पावसाळ्यात मी कॉलेजात प्रोजेक्ट केला. सुकवली, कुटली, अर्क काढला. काचपट्टीवर त्या पाल्यातल्या फिलॅन्थिन नावाच्या पदार्थाचा ठिपका उमटला त्या दिवशी मी प्रयोगशाळेत नाचले होते. आबांनी ते नाव माझ्याकडून कागदावर मराठीत लिहून घेतलं, कारखान्याच्या गेटवर सांगायला. तरी शेवटपर्यंत ‘फिलानथीन’च म्हणायचे.

ठिपका उमटला त्या दुपारी त्यांचा फोन आला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“नंदे, गुण हाय का त्यात?”

“हाय की आबा! भरपूर गुण हाय!”

“मग झालं,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मला म्हणायचं होतं, तो पदार्थ त्या पाल्यात आहे. एवढंच. त्यानं आबांना गुण येईल का, हे मला कुठं माहीत होतं? मी तपासलंच नव्हतं. त्यांनी मात्र त्या दिवसापासून गोळी बंद केली. दिवाळीत त्यांचे डोळे पिवळे झाले आणि आठवड्याभरात आबा गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या ट्रंकेत गोळ्यांची पाकिटं सापडली. एकही फोडलेलं नव्हतं. सगळी माझ्या त्या कागदात गुंडाळून ठेवलेली.

म्हणजे तेराव्याला मला सगळं ठाऊक होतं. यशराज सगळ्यांदेखत ओरडला, “आत्ये, तुज्या पाल्यानं माजा बाप नेला. हितं परत पाय ठेवू नगंस.” तू माझ्याकडं बघितलंस. “नंदे, तू शिकल्याली हायस. सांग की ह्यास्नी.”

मी पत्रावळी उचलत राहिले.

तुझ्या पाल्यानं काही केलं नाही गं. तू तर गोळी सोडू नको म्हणत होतीस. माझ्या शब्दावर त्यांनी सोडली. भाऊ तुझा गेला, आणि दोषही तूच घेऊन गेलीस.

हे सगळं काल यशराजला सांगितलं. तो भरल्या ताटावरून उठला.

स्वप्नालीवहिनी, आत्याला हे मोठ्यानं वाचून दाखव. शेजारीपाजारी ऐकतील, ऐकू दे.

आत्या, राखी मी आबांच्या फोटोला बांधलेली नाही. ती तूच बांध, ये. उंबऱ्यात मी दिसले तर बोलू नकोस माझ्याशी, पण आत ये.

तेव्हा गप्प बसलेली,
तुझी नंदी