उशाखालचा विळा

प्रिय आत्या,

हो, तुझी गोष्ट कुणाला न सांगण्याची शपथ मोडली मी! आणि आज परत मोडणार. तू गेल्यावर वर्षभर पाळली ना? बास झालं. वटार डोळे.

आधी ऐक तरी. आपली कविता वहिनी लोधिवलीला माहेरी बाळंत झाली. पाचवीला रीतीप्रमाणे बाळाच्या उशाखाली विळा ठेवला, तर ती किंचाळून बाहेर पळाली. तेव्हापासून बाळाला हात लावत नाही. तिची आई फोनवर म्हणते, "लोखंडाला कोण भितं गं? हिच्या अंगात कायतरी हाय. आज भगताकडं नेतो."

ओळखीचं वाटलं ना?

तुझ्या ओमच्या वेळी साजगावच्या घरात आजी हेच म्हणाली होती. आणि तुझ्या डोक्यात मात्र सारखं येत होतं, हा विळा मीच माझ्या लेकरावर चालवीन. जितकं हाकलायचीस तितकं जास्त यायचं. कुणाला सांगणार? ओमला लसीचा डोस द्यायला गेलीस आणि नर्सबाईंपुढं रडलीस, म्हणून मुंबईच्या दवाखान्यात पोचलीस.

तिथं असल्याच विचारांच्या उपचारावर संशोधन चालू होतं. सहीआधी तू विचारलंस, "मला नाय लागू पडलं तर?"

"तेही आम्हाला कळायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग घ्या मला."

केवढी धीट गं तू! "भीती दहापैकी किती?" असं त्यांनी विचारलं, तर म्हणालीस, "तुमच्या दहात मावत नाय, बाई!"

असले विचार खूप आयांच्या मनात येऊन जातात, हे तुला तिथं कळलं. त्यांना घाबरून पळालं, सारखी खात्री करून घेतली, की ते चिकटतात. म्हणून उपचार उलटा. आधी नुसतं विळ्याचं चित्र बघायचं. मग विळा खोलीत. मग विळा शेजारी, ओम मांडीवर, आणि उठायचं नाही. घामानं पदर भिजायचा तुझा.

डॉक्टरीणबाईंनी मलाही काम दिलं होतं. "बघ गं, मी काय केलं नाय ना त्याला?" असं तू विचारायचीस आणि मी उत्तर द्यायचं नाही. "बोल की गं, मेले!" मी तोंड दाबून बसायची.

आणि एका दुपारी ओमला कुशीत घेऊन विळ्याशेजारी चक्क घोरत पडलीस! आजी म्हणाली, "गेलं बाई भूत." तू डोळे न उघडता म्हणालीस, "भूत नव्हतंच, आये."

मग एवढं करून लपवलंस का? संशोधनात कुणाचं नाव छापत नाहीत, ते ठीक. पण घरात? ओमला काय वाटेल, म्हणून ना? काल मी त्याला सगळं सांगितलं.  मग म्हणाला, "माझी आई एवढी डेंजर होती?" छाती फुगलेली पोराची!

वहिनीला आज तुझ्या नावानिशी सांगणार. दवाखान्यात मी स्वतः नेणार, वचन. "मी बरी होईन ना?" असं ती शंभरदा विचारेल. त्याचं उत्तर देणार नाही, तूच शिकवलंयस. विळ्याशेजारून तू उठली नव्हतीस, एवढंच सांगेन.

भगताआधी पोचायचंय. दादानं गाडी काढली. तू नको म्हणायच्या आत निघाले.

तुझी,
सोनल