पिंपातले दगड

धरणाची वसाहत, स्वित्झर्लंड
५ एप्रिल १९६०

ती. देल्फीनाताईस,
धाकट्या रेमोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. लग्न जूनमध्ये ठरलं हे बराकीत सगळ्यांना ओरडून सांगितलं. शेजारच्या खाटेवरचा साबातीनो म्हणाला, तुझ्या ताईला नवरा मिळतो म्हणजे तुलाही आशा आहे. मग पुढची ओळ वाचली, की बाबा चोपन्न सालचं पिंप तुझ्या लग्नात उघडणार, आणि ताट साबातीनोकडे सरकवलं.

ताई, मी पाप केलंय. पिंपाचं लाकूड थोडी थोडी वाइन पितं, पातळी उतरते, वर हवा शिरली की आंबून सिरका होतो. म्हणून बाबा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शिडी लावून त्याच वाइनची भर घालतात. त्या भरीची वेताच्या टोपलीतली मोठी बरणी तळघरात असते ना, ती मी गेल्या महिन्यात इकडे धरणाच्या कामाला निघायच्या आदल्या दिवशी तिघा मित्रांबरोबर अर्धी संपवली. वर विहिरीचं पाणी ओतलं आणि फडकं होतं तसं बांधून ठेवलं.

का, ते विचारू नकोस. जन्मभर बाबांचं एकच ऐकत आलो, अजून नाही. द्राक्षं तोडू का? अजून नाही. पिंप चाखू का? अजून नाही. मोटारसायकल? अजून नाही. म्हटलं, जाता जाता एकदा तरी 'आत्ता'. पहिल्या घोटाला जीभ खरवडून निघाली. पोरं थुंकली, हसली, मीही हसलो. पण गिळल्यावर बऱ्याच वेळाने तोंडात आईच्या कपाटाचा वास आला, वाळल्या गुलाबांचा. ते मी कोणाला बोललो नाही.

ती आईच्या हातची शेवटची तोडणी. त्याच थंडीत ती गेली. आणि या शनिवारी बाबा माझं पाणी तिच्यात ओततील. तारच करणार होतो, पण आपला पोस्टमास्तर तार चौकात उभा राहून मोठ्याने वाचतो. बाबांना थांबव. हवं तर शिडीची पायरी मोडून ठेव.

अक्षराला हसू नकोस, हात सिमेंटने फुटलेत. माझ्यावरचा लोभ उतरला असेल तर तुझ्याकडची थोडी भर घाल.

तुझा
रेमो


घरून
९ एप्रिल, शनिवार

चि. रेमोस,
अनेक आशीर्वाद आणि एक थोबाडीत.

तुझं पत्र आज जेवणाआधी आलं. वाचलं आणि पिठाच्या हातांनी तशीच तळघरात पळाले. बाबा शिडीवर चढलेले होते, बूच काढून ठेवलेलं. मी ओरडले, बाबा, ओतू नका! ते म्हणाले, काय ओतू? ओतायला ठेवलंय काय तुझ्या भावाने?

त्यांच्या ॲप्रनमध्ये दगड होते. ओढ्यातले, गोल, अंड्याएवढे. एकेक दगड पिंपात हळूच सोडत होते आणि वाइन बोट बोट वर चढत होती. आजोबाही भर संपली की असंच करायचे म्हणे. आणि ते दगड मीच उकळून दिले होते, रे! गेल्या आठवड्यात मक्याचा पोलेंता शिजवायच्या पातेल्यात. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले गुडघे शेकायला. मी बिचारी काळजी करत होते गुडघ्यांची.

तू गेलास त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. गाढवा, बरणीतली वाइन अशी गुलाबी होते का? आणि ती पाणचट बरणी ते महिनाभर रोज दुपारी जेवताना पीत होते. मला वाटलं पोट बिघडलंय. आज विचारलं, तर म्हणाले, फेकायची कशी, तीत तुझी आई आहे.

खूप चिडलात का, असंही विचारलं. बूच ठोकून झालं तेव्हा म्हणाले, बरणीतली प्यायला, पिंपाला हात लावला नाही. एवढी अक्कल आहे कारट्याला. मी पायरीवर बसून रडले आणि हसले, दोन्ही.

तुझ्यावरचा लोभ काठोकाठ आहे, पण फार हलवू नकोस.

तुझी
देल्फीना


धरणाची वसाहत
१३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. आठ दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो. साबातीनोने विचारलं, लॉटरी लागली का. म्हटलं, दगड लागले. इथे दिवसभर दगडच दगड, पाणी अडवायला. तिकडे बाबांनी दगडांनी माझं पाणी अडवलं आणि लाज राखली. त्यांना सांगशील का? नको, मीच सांगेन.

मुकादम जूनमध्ये चार दिवस सुट्टी देतो म्हणतो. पण ताई, मी लग्नाला येऊ का? बाबा मला दारात उभं करतील का? गोड नको, खरं कळव.

तोवर आहे तेवढा लोभ राहू दे, मी यापुढे त्यात पाणी घालणार नाही.

रेमो


घरून
१८ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

चि. रेमोस,
अनेक आशीर्वाद.

आज माझे होणारे सासरे नवरदेव बास्त्यानला घेऊन जेवायला आले होते. वाइन चाखल्याशिवाय लग्नाची वाइन कशी ठरवायची, म्हणून हटून बसले. शेवटी बाबांनी पिंपाची बारीक खुंटी काढून एक ग्लास भरला आणि चौघांत फिरवला.

रंग जुन्या विटेसारखा, काठाला नारिंगी. आधी डांबराचा वास, मग चामड्याचा, मग तुझा तो गुलाब. चावते अजून, रेमो. पण आता घरातल्या मोठ्या माणसासारखी चावते, रागावून झालं की खांद्यावर हात ठेवते. सासरे चक्क गप्प बसले. बास्त्यान म्हणाला, आमच्या बाबांना गप्प करणारी वाइन असेल तर हुंड्यात हीच द्या.

मग सासऱ्यांनी ग्लास पुढे केला, आणखी एक. बाबांनी खुंटी ठोकली आणि म्हणाले, अजून नाही. सासरे म्हणाले, अहो, सहा वर्षं झाली, आता कशासाठी थांबलीय? बाबा म्हणाले, पोरगं यायचंय.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. दाराचं म्हणशील, तर पिंपाचं खालचं दार ठाऊक आहे ना, जिथून लहानपणापासून तूच आत शिरून घासतोस? पिंप रिकामं झालं की दगड काढायला आत कोण उतरणार, हा बाबांचा प्रश्न आहे. माझे खांदे जात नाहीत, म्हणाले. ज्याच्यापायी घातले त्याने काढावेत. आणि त्याला सांग, विहिरीचं पाणी घातलंस ते बरं केलंस, नळाचं असतं तर मी प्यालो नसतो.

यापेक्षा खरं मला कळवता येत नाही. लोभ इथे बूच लावून ठेवलाय, येऊन उघड.

तुझी
देल्फीना


तार
२२ एप्रिल

येतोय. दगड मी काढतो. पोस्टमास्तर, मोठ्याने वाचा.
रेमो