गोलच्या मागे काय दिसत होतं?

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.
नवी वही, नवं पेन. संकल्प तीन. रोज लिहायचं. खरं लिहायचं. रोज चालायला जायचं (उद्यापासून, आज क्लबची मीटिंग आहे).

रात्री ९. मीटिंग जोरदार झाली. शिरवणे इलेव्हनने खाडीकिनारा चषक जिंकला त्याला या महिन्यात पंचवीस वर्षं होतात. ३० जानेवारी २०००, वाशीचं मैदान, एक-शून्य, शेवटच्या मिनिटाला धनाजीचा हेडर. त्यानंतर आणि त्याआधी क्लबने काहीही जिंकलेलं नाही. पण यंदा पोरं पुन्हा फायनलला पोचलीत, २ फेब्रुवारी, मैदान तेच. धनाजीची मुलगी नमिता आठवणींचं पुस्तक काढतेय. आणि ज्यांनी ती फायनल प्रत्यक्ष पाहिली, त्यांना यंदा पहिल्या रांगेत खुर्ची आणि छातीला बिल्ला.

मी लगेच हात वर केला. मागे वळून पाहिलं तर झाडून सगळ्यांचे हात वर.

८ जानेवारी, बुधवार.
नमिताकडे नावं आली चारशे बारा! त्या दिवशी गावातून एक टेम्पो आणि तीन मोटरसायकली गेल्या होत्या. कोंबून कोंबून तीस माणसं. लोक इतकं खोटं कसं बोलू शकतात? फार वाईट वाटलं. पडताळणी समिती नेमा, असं मी सुचवलं. दुसरं कोणी तयार होईना, म्हणून समितीत मी एकटाच. नमिताने विचारलं, काका, जमेल ना तुम्हाला? म्हटलं, पोरी, डोळे मिटले की तो गोल मला अजून दिसतो.

चालायला गेलो नाही. समितीचं काम.

१० जानेवारी, शुक्रवार.
प्रश्न तयार. एकच, पण बिनतोड. गोल झाला तेव्हा मागे काय दिसत होतं? जो तिथे होता तोच सांगू शकेल. बरोबर उत्तर: देवळाची दीपमाळ. धनाजीचं डोकं, डोक्यावर बॉल, त्याच्या वर दीपमाळेचं टोक. मला अगदी फोटोसारखं दिसतं.

१२ जानेवारी, रविवार.
सुरुवात गोटीरामकाकांपासून. वय ऐंशी, क्लबचे सगळ्यात जुने सपोर्टर. म्हणाले, मागं शेवगा व्हता, फुलांनी भरलेला. वयाचा मान ठेवून पुन्हा विचारलं. शेवगाच. नापास. चहा न देता उठवलं मला.

मग काशीमावशी. तिच्या मते बॉल थेट गोठ्यात गेला आणि म्हैस उठून उभी राहिली. कपच्या फायनलला म्हैस! लाल पेनाने नापास.

१५ जानेवारी, बुधवार.
आजवर चौऱ्याऐंशी तपासले, पास शून्य. कोणाला ओटा दिसतो, कोणाला बोअरिंगचा पंप, एकाला तर स्वतःची स्कूटर. गावात प्रामाणिक माणूस मी एकटाच उरलो की काय, अशी भीती वाटते. लोक रस्ता बदलून जायला लागलेत. कडक परीक्षकाला हे सोसावंच लागतं.

१७ जानेवारी, शुक्रवार.
जेवताना बायकोने, कमळीने, स्वतःहून विषय काढला. तिलाही तो गोल आठवतो म्हणे. मागे आमचं तुळशीवृंदावन होतं! मी हसलो. म्हटलं, तू तर त्या दिवशी घरात होतीस. ती म्हणाली, मंग? घरातच व्हते, घरातच बघला. नात्यागोत्याचा विचार न करता नापास केलं.

मला जरा नवल वाटतं, की ती चिडली नाही. नुसतं म्हणाली, तुमी आता हे सोरून द्या.

१९ जानेवारी, रविवार.
धनाजीकडे गेलो. गोल मारणाराच तो, नुसती फॉर्मॅलिटी. त्याने सांगितलं, पाण्याची टाकी. मी म्हटलं, नीट आठव. टाकीच, म्हणाला, वाशीची मोठी टाकी. आयुष्यभर हेडर मारल्याने डोक्यावर परिणाम होतो असं कुठेतरी वाचलं होतं. बिचारा. नापास नाही केलं, नावापुढे ‘शंकास्पद’ लिहिलं.

२२ जानेवारी, बुधवार.
नमिताने कुठूनतरी त्या गोलचा फोटो मिळवला. धनाजी हवेत, बॉल डोक्यावर, मागे पाण्याची टाकी. दीपमाळ नाही. ती हळूच म्हणाली, काका, दीपमाळ आपल्या गावच्या देवळासमोर आहे, ती वाशीला कशी दिसेल? म्हटलं, कॅमेऱ्याचा अँगल.

घरी येऊन डोळे मिटले. दीपमाळच दिसते.

२३ जानेवारी, गुरुवार. दुपारी.
धनाजी घरी आला. त्या दिवशी कप घेऊन मिरवणूक निघाली तेव्हाची गोष्ट सांगितली. दारोदार बायका ओवाळायच्या, पण गोल करून दाखवल्याशिवाय कोणी पुढे सोडेना. बेचाळीस दारं, बेचाळीस हेडर. मान आठवडाभर आखडली होती. म्हणजे ज्याने त्याने गोल पाहिला तो आपापल्या अंगणात. शेवटचा हेडर देवळासमोर, दीपमाळेखाली. म्हणाला, तो तू पाहिलास, जयदेव. तू तेव्हाच खांदेश्वरहून पोचला होतास.

खांदेश्वरला मी मिरवणुकीसाठी बँजो पार्टी ठरवायला गेलो होतो, हे खरं आहे. पण गोलच्या आधी परत आलो होतो असं मी पंचवीस वर्षं सांगतोय. धनाजी कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, खांदेश्वरला बँजो पार्टी नव्हतीच. त्याआधी आपण तीन फायनल हरलो आणि तिन्ही वेळा तू आपल्या गोलमागे उभा होतास. पोरांनी बसून ठरवलं की याला लांब कुठेतरी पाठवा.

मी विचारलं, हे कोणाकोणाला माहीत आहे? म्हणाला, सगळ्यांना. कमळीवहिनींना पण. वाईट वाटून घेऊ नकोस.

२४ जानेवारी, शुक्रवार.
काही लिहायचं नाही.

२५ जानेवारी, शनिवार.
नीट विचार केला. पनवती वगैरे अंधश्रद्धा. तेव्हा आपला डिफेन्स ढिला होता, दुसरं काही नाही. समितीने सर्वानुमते ठराव केला: अंगणात पाहिलेला गोलही गोलच. चारशे बाराही पास, समितीच्या अध्यक्षांसह. नमिता म्हणाली, पहिल्या रांगेत चारशे बारा खुर्च्या कशा मावणार? तो मंडपवाल्याचा प्रश्न आहे. माझी मधली. आपल्या क्लबला कप जिंकताना एकदा तरी या डोळ्यांनी बघायचं आहे. या वेळी मला कोणी कुठे पाठवू शकत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ८.
बिल्ला लावून वेळेआधी पोचलो. मधली खुर्ची मिळाली. कोणी हरकत घेतली नाही. उलट फार गोड वागले. गोटीरामकाकांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. पण दहाव्या मिनिटाला आपल्यावर गोल बसला, तेव्हा मैदानाकडे बघायचं सोडून सगळी रांग माझ्याकडे बघत होती. धनाजीने बघितलं आणि पटकन मान वळवली. पोरांचे चेहरे उतरलेले.

हाफटाइमला मी म्हटलं, पाय मोकळे करून येतो. गुडघा धरलाय. थांब, असं कोणी म्हणालं नाही. बिल्ला काढून खिशात ठेवला, गेटबाहेर आलो आणि उसाच्या रसाच्या गाडीजवळ मैदानाकडे पाठ करून बसलो. डोळ्यांत पाणी आलं, लिहायला लाज कसली. आत एकदा गलका झाला. मी वळलो नाही. दोन ग्लास रस प्यालो. मग असा गलका झाला की रसवाल्याने चरक थांबवला.

त्याने विचारलं, कोण जिंकलं हो?

म्हटलं, शिरवणे.

तो म्हणाला, इथे बसून तुम्हाला कसं कळलं?

म्हटलं, मी इथे बसलोय ना, म्हणून.