पूजेआधीची गाडी

चि. हितेंद्र,

अनेक आशीर्वाद, आज त्यातले दोन-चार राखून ठेवते आहे.

मे महिन्याची दुपार. तुझ्याकडे मुक्ताईनगरला ठेवलेला माझा कुत्रा विदूषक पत्र्याखाली चिकट लाळ गाळत होता. हिरड्या लालभडक, उभं राहता येईना. डॉक्टर फोनवर ओरडले, "अंगावर साधं पाणी ओता आणि लगेच आणा!" दारात तुझी नवीकोरी गाडी. आणि तू मला धुळ्याला लग्नघरी फोन करून काय विचारतोस? "अक्का, पूजा उद्या आहे. पहिलं कुत्रं कसं बसवू?" धन्य तुझं धर्मशास्त्र! मुहूर्त गाडीला असतो, उष्माघाताला नसतो.

शेवटी केळीचा टेम्पो घेऊन निघालेला वना थांबला. "राहू द्या पूजा, आना त्याले इकडं," म्हणत त्याने ओल्याचिंब विदूषकाला घडांशेजारी निजवलं आणि दवाखाना गाठला. म्हणून तो जगला.

हे पत्र मात्र मी टाकणार नाही. तुझ्या पहिल्या फोनवर, तो नुसताच धापा टाकत होता तेव्हा, "कुत्रंच ते, धापा टाकणारच," असं लग्नाच्या मांडवात हसत हसत मीच म्हणाले होते.

तुझ्यावर अजून चिडलेली,
अक्का